फकरूभाऊंचा मोरवाला कोट

कामशेतच्या बाजारपेठेत एक किराणा दुकान आहे आणि त्यापासून थोडी जागा सोडून एक खत-बियाण्यांचं. या दोघांच्या मध्ये जी चिंचोळी जागा उरली, तिच्यात फकरुद्दीन तांबोळींचा फोटो स्टुडिओ. आत एक पांढरा पडदा, एक स्टूल, आणि भिंतीवरच्या खिळ्याला एक गर्द जांभळा कोट.

तरुणपणी फकरूभाऊ लोणावळ्याला पॉइंटवर पर्यटकांचे फोटो काढायचे. दरीकडे पाठ, दोन्ही हात आडवे, नवीन लग्न झालेलं असेल तर मान थोडी तिरकी. पुढे माणसामाणसाच्या खिशात कॅमेरा आला. दरी होती तिथंच राहिली, गिऱ्हाईक तेवढं गेलं. मग फकरूभाऊ खाली कामशेतला आले आणि पासपोर्ट फोटोंकडे वळले. कारण स्वतःच्या मोबाईलवर माणूस कितीही सुंदर दिसो, सरकारला तो तसा चालत नाही. सरकारला मागे पांढरं पाहिजे, दोन्ही कान दिसले पाहिजेत, आणि अख्खा माणूस पन्नास केबीच्या आत बसला पाहिजे.

हे त्यांना समजलं ते जरा महागात पडून. त्यांची मुलगी जीनत बारावीनंतर फार्मसीला गेली, तेव्हा तिनं शिष्यवृत्तीचा फॉर्म भरला होता. काही दिवसांनी मोबाईलवर इंग्रजीत निरोप आला. बापलेकीनं तो वाचला, 'नाकारला' असा अर्थ लावला आणि दोघं गप्प बसले. पुढल्या वर्षी कळलं की फॉर्म नाकारला नव्हता, फक्त परत पाठवला होता. दुरुस्तीला सात दिवस होते. चूक एकच होती, फोटोचा आकार. वीस वर्षं फोटो काढणाऱ्या माणसाच्या मुलीचा फॉर्म फोटोवरून अडला, ही गोष्ट फकरूभाऊंनी कित्येक महिने कुणाला सांगितली नाही. जीनत शिकली, आता तळेगावच्या एका औषध कारखान्यात आहे. पण तिची शिष्यवृत्ती गेली ती गेलीच.

त्या वर्षापासून फकरूभाऊंनी शिष्यवृत्तीचे सगळे नियम गाईडासारखे पाठ केले. आणि स्टुलावर बसलेल्या पोराला ते पाठ म्हणून दाखवू लागले. पोरगं तिथून हलू शकत नसे, त्यामुळे ऐकण्यावाचून इलाज नव्हता.

"हनुवटी खाली. बारावीला ना? सीईटी दिली का?"

"दिली."

"खांदे सरळ. उत्पन्नाचा दाखला काढला?"

"न्हाई."

"डोमिसाइल?"

"ते काय असतं?"

"आता तोंड असंच ठेव. फॉर्मला असंच लागतं."

आणि फोटो निघायचा. त्यामुळे गेल्या पाच-सहा वर्षांत मावळातली जी पोरं पुण्याला शिकायला गेली, त्यांच्या चेहऱ्यावर फोटोत एकसारखी धास्ती आहे.

धास्ती एकसारखी आणि कोटही एकच. पोरं यायची ती टी-शर्टात, कुणाच्या छातीवर कवटी, कुणाच्या छातीवर इंग्रजीत काहीतरी वाह्यात. फकरूभाऊ म्हणायचे, "हे बघून कोण देईल तुला शिष्यवृत्ती?" आणि खिळ्यावरचा कोट काढायचे. तो लोणावळ्याच्या एका बंद पडलेल्या बँड पार्टीतल्या ट्रंपेटवाल्याचा. डाव्या खिशावर सोनेरी दोऱ्यानं भरलेला मोर. काटकुळ्या पोरापासून पैलवानापर्यंत सगळ्यांना तो बसावा म्हणून मेहमुदानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तो पाठीमागून उभा फाडून नाड्या लावल्या होत्या. समोरून साहेब, मागून लंगोट, असा एकूण प्रकार.

टाकवे बुद्रुकची कोमल या कोटात बसली ती गेल्या जूनमध्ये. बरोबर तिचे वडील श्रीपती होते. भातशेती, चार म्हशी आणि सगळ्या विषयांवर मत, असा त्यांचा संसार. कोमलला इंजिनिअरिंगला जायचं होतं. फकरूभाऊंनी तिला हनुवटी खाली घ्यायला लावून सांगितलं, की प्रवेश सरकारी फेरीतूनच घे. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर मुलींना शिक्षण शुल्क माफ आहे.

हे ऐकून श्रीपती उठून उभे राहिले. "आठ लाखांच्या आत? मंजी आमी भिकारी का? उद्या पोरीला बघाया पाव्हणं आलं आन् त्यांनी ह्यो कागद बघितला, तर?"

"पाहुणे उत्पन्नाचा दाखला बघत नाहीत, श्रीपतीभाऊ."

"त्या रकान्यात काय लिव्हायचं ते मी सांगतो. लिव्हा, भरपूर."

"तिथं आकडा लागतो."

"मग बारा लिव्हा. शोभतंय बारा."

"आणि आहे किती?"

श्रीपती बोटांवर मोजू लागले. मग हळूच म्हणाले, "म्हशी धरून का सोडून?"

शेवटी वडगावला तहसील कचेरीतून खरा दाखला निघाला. त्यावरचा आकडा आठाच्या इतका खाली होता, की श्रीपतींनी तो घडी घालून टोपीत ठेवला आणि वाटेत कुणालाही टोपी काढून नमस्कार केला नाही. पुढं यथावकाश कोमलला पुण्यातल्या एका कॉलेजात जागा मिळाली. त्याच कॉलेजात मावळातली आणखी दहा पोरं लागली होती.

आणि तिथं घोटाळा झाला.

त्या कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर गौरव कुलथे नावाचा नवा कारकून आला होता. वय सव्वीस, नोकरी तीन महिन्यांची, आणि भ्रष्टाचार खणून काढायची दांडगी हौस. अर्ज तपासता तपासता त्याला एक मोर दिसला. पुढल्या अर्जात पुन्हा मोर. सगळे लावून बघितले तर अकरा अर्ज, गावं वेगवेगळी, ज्युनिअर कॉलेजं वेगवेगळी, आणि सगळ्यांच्या अंगावर एकच जांभळा गणवेश. मोराचं चिन्ह असलेली संस्था त्यानं यादीत शोधली. ती कुठंच नव्हती. कुलथेला घाम फुटला, तो आनंदाचा होता. त्यानं कोमलला फोन लावला.

"हा मोराचा गणवेश कुठल्या कॉलेजचा?"

"कॉलेजचा नाही सर. फकरूभाऊंचा."

"फकरूभाऊ कोण?"

"तेच बघतात ना सगळं. कुठलं कॉलेज टाकायचं, कुठले दाखले जोडायचे. आमच्याकडचे सगळे त्यांच्याकडेच जातात."

"आणि याचे घेतात किती?"

"चाळीस."

कुलथेनं टिपणात 'चाळीस हजार' लिहिलं. कोमल पुढं म्हणाली, "आठ कॉप्या देतात," पण तोवर फोन ठेवला गेला होता.

चौथ्या दिवशी अकराही जणांना निरोप आला. अर्ज पडताळणीसाठी थांबवला आहे, संबंधित संचालकांनी गणवेशासह समक्ष हजर राहावं. कोमलनं तो फकरूभाऊंना पाठवला. मेहमुदानं चष्मा लावून मोठ्यानं वाचला.

"अहो, तुम्ही संचालक झालात."

"कशाचा?"

"ते लिहिलं नाही."

फकरूभाऊ हसले नाहीत. अकरा पोरांचे अर्ज आपल्या कोटापायी अडले, हे त्यांच्या मनाला लागलं. जीनतच्या वेळी एक अडला होता, आता अकरा. जेवताना त्यांनी भाकरी अर्धी सोडली. मेहमुदा म्हणाली, "कोट तर कोट. जाऊन दाखवा. मी इस्त्री करून देते." आणि तिनं मोरासकट, नाड्यांसकट कोटाला कडक इस्त्री मारली आणि तो एका चादरीत बांधून दिला.

पुण्याला जायला कोमल होतीच. श्रीपती साक्षीदार म्हणून निघाले, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. लोकलमध्ये त्यांनी समोरच्या अनोळखी माणसाला सांगितलं, की कोर्टाचं काम आहे आणि या चादरीत पुरावा आहे. तो माणूस देहूरोडला उतरला. त्याला शिवाजीनगरला जायचं होतं.

ऑफिसात कुलथे होता आणि त्याच्या वरच्या अधिकारी देशमाने मॅडम. कुलथेनं वही उघडली आणि साक्षीदारापासून सुरुवात केली.

"यांनी तुमच्या मुलीला नेमकं काय केलं?"

श्रीपतींनी घसा साफ केला. "सायेब, माझ्या एकल्या पोरीलाच न्हाई. आमच्या आख्ख्या गावातल्या पोरांना ह्या मानसानं ह्याच्यात घातलंय."

कुलथेनं ते शब्दशः लिहून घेतलं.

"आणि तुम्ही विरोध केला नाही?"

"कशापायी करू? मी सोता घालून बघितला. लय गरम व्हतं आत."

देशमाने मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कशाच्या आत?"

तेव्हा कुठं फकरूभाऊंनी चादर सोडली आणि कोट टेबलावर पसरला. बँड पार्टीचं सांगितलं, ट्रंपेटवाल्याचं सांगितलं, चाळीस रुपयांचं सांगितलं. मॅडमनी कोट उलटा केला. नाड्या दिसल्या. मॅडम खिडकीकडे तोंड करून थोडा वेळ उभ्या राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते.

पण कुलथे असा हार मानणारा नव्हता. "मॅडम, हा कोट कुणालाही बसतो, हे सिद्ध व्हायला पाहिजे."

"मग घाला तुम्ही."

कुलथेनं घातला. फकरूभाऊंनी सवयीनं पाठीमागच्या नाड्या आवळल्या, त्याला भिंतीसमोर उभं केलं, पिशवीतून कॅमेरा काढला.

"हनुवटी खाली. लग्न झालं?"

"नाही."

"खांदे सरळ. नोकरी पक्की झाली?"

"अजून नाही."

"तोंड असंच ठेवा."

फोटो फार चांगला आला. फाइलला एक प्रत लागणार होती, पण कुलथेनं आठ सांगितल्या आणि चाळीस रुपये स्वतःच्या खिशातून दिले.

तेवढ्यात शेजारच्या खिडकीपाशी एक मुलगा काउंटरला टेकून रडकुंडीला आला होता. अर्ज गेला, आता बाप घरी बसवणार, असं तो फोनवर कुणाला तरी सांगत होता. फकरूभाऊ चौकशी सोडून तिकडं गेले. त्यांनी मुलाचा मोबाईल हातात घेतला, लांब धरून वाचला.

"हा नाकारलेला नाही. परत पाठवलाय. बघ, उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा जोडलायस. आज कितवा दिवस?"

"पाचवा."

"मग दोन दिवस आहेत. चल. नवीन दाखला आहे ना घरी?"

"आहे."

"भावाला सांग फोटो काढून पाठवायला. सपाट ठेवून काढ म्हणावं, बोट येऊ देऊ नको."

अर्ध्या तासात त्याचा अर्ज पुन्हा भरला गेला. फकरूभाऊ परत आले, तेव्हा त्यांना नाक पुसावं लागलं. त्यांनी कॅमेऱ्याची काच पुसतोय असं दाखवलं.

देशमाने मॅडम सगळं बघत होत्या. "हे कुठं शिकलात?"

"घरी, मॅडम," फकरूभाऊ म्हणाले.

अर्ज मोकळे झाले. पण फाइल बंद करायला कागद लागतो म्हणून कुलथेनं एक हमीपत्र लिहून घेतलं. त्यात असं होतं, की मी फकरुद्दीन तांबोळी, राहणार कामशेत, लिहून देतो, की सदर मोर हा कोणत्याही शैक्षणिक संस्थेचा नसून, त्याला कोणत्याही विद्यापीठाची संलग्नता नाही, व भविष्यातही तशी मागणी केली जाणार नाही. साक्षीदार म्हणून श्रीपतींनी सही केली. सहीखाली हुद्दा विचारला होता. तिथं त्यांनी लिहिलं, 'पालक व म्हशी'.

दिवाळीच्या आधी अकराही जणांची शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचं कळलं. कोमल आता वसतिगृहात राहते आणि आईला फोनवर सांगते, की तिथली आमटी पाण्यासारखी असते.

या सगळ्यात बदलले ते श्रीपती. पुण्याला एकदा साक्ष देऊन आल्यापासून ते टाकव्यात शिष्यवृत्तीचे जाणकार म्हणून बसतात. येत्या जूनमध्ये बारावी होऊन फॉर्म भरणारी जी पोरं आहेत, त्यांना आतापासूनच सल्ले चालू आहेत. परवा ते एका जीपमध्ये नऊ पोरं कोंबून कामशेतला घेऊन आले. नवव्याची तर अजून दहावीच होती.

"फकरूभाऊ, सगळ्यांना शिकवून तयार करून आनलंय," ते म्हणाले. "तुमी नुसतं फोटू काढा."

फकरूभाऊंनी पहिल्या पोराला स्टुलावर बसवलं. "हनुवटी खाली. उत्पन्नाचा दाखला?"

पोरगं श्रीपतींकडे बघून आत्मविश्वासानं म्हणालं, "म्हशी सोडून."

फकरूभाऊंनी कॅमेरा खाली ठेवला, मेहमुदाला हाक मारली आणि म्हणाले, "चहा ठेव. दहा जणांचा. पहिल्यापासून सांगावं लागणार."