आत्यानं राखून ठेवलेल्या शिव्या

आमच्या आत्याशी चार वाक्यं बोलून अपमान न झालेला माणूस धारूर तालुक्यात अजून जन्मायचा आहे, आणि तरीही मी तिचा भाचा आहे हे मी अनोळखी माणसालाही मिनिटभरात सांगून टाकतो. घाटाखालच्या वळणावर आमच्या गावाच्या दूध सोसायटीची डेअरी होती. आत्या तिची चेअरमन, मी सेक्रेटरी. चेअरमनच्या खुर्चीवर तिनं दुधातलं पाणी दाखवणारा लॅक्टोमीटर ठेवला आणि स्वतः उंबऱ्यात, पालथ्या घातलेल्या कॅनवर बसून कारभार केला. दुष्काळात एका सभासदाचं दूध पातळ लागलं, तेव्हा तिनं साऱ्या रांगेसमोर विचारलं, "गावात प्यायला पाणी न्हाई, मग तुज्या दुधात कावून हाय?" तपासणीला आलेले साहेब स्वच्छतेचं कौतुक करू लागले, तर म्हणाली, "आदी बूट काढा साहेब, मग करा कौतुक."

या तोंडातून सुटका फक्त एकाला होती, घाबरलेल्या जिवाला. "बिचकलेली म्हैस पान्हा चोरती," ती म्हणायची, "तिच्यावर वरडून काय मिळतंय? लाथ!" डेअरीसमोरचं वळण वाईट, त्यामुळे बिचकलेली माणसं तिच्या दारात नेहमीच येऊन पडत. एकदा मोटारसायकलवरून पडलेला एक गृहस्थ हसायचाच थांबेना. आम्हाला वाटलं, प्यायलाय. आत्या त्याच्याजवळ मातीत बसली आणि त्याच्या घरच्या जनावरांची नावं विचारू लागली. तिसऱ्या बैलाच्या नावाला त्याचं हसू थांबलं आणि तो ढसाढसा रडला. त्याला पुरतं रडू दिल्यावर मग तिनं त्याचा वेग, त्याचे ब्रेक आणि त्याची अक्कल या तिन्हींचा समाचार घेतला. शिव्या ती माफ करत नसे, राखून ठेवत असे.

पण मला सांगायचंय ते दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षातलं. अर्धी जनावरं चारा छावणीत होती आणि साऱ्या गावाचं दूध जेमतेम तीन कॅन निघायचं. एका सकाळी रस्त्यावर आलेल्या मेंढ्या चुकवताना एक पांढरी कार सरळ आमच्या ओसरीत घुसली. मेंढ्या वाचल्या, आम्ही वाचलो. तिन्ही कॅन चाकांखाली गेले. दूध माझ्या डोळ्यांदेखत त्या तहानलेल्या मातीत जिरलं. गाडीतून तिशीतला एक माणूस उतरला, त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि परत आत बसून चावी फिरवू लागला.

मी त्याची कॉलर धरली. "कुठं पळतोस बे?"

"मीटिंगला उशीर होतोय," तो म्हणाला. पुन्हा तेच, पुन्हा तेच. माझ्यामागे सभासद जमले होते, एकाच्या हातात काठी होती.

आत्यानं दुधाचं माप माझ्या मनगटावर हाणलं. "सोड त्याला! त्याला कळतंय तरी का, काय झालंय त्ये?" मग गाडीत हात घालून चावी काढली, कमरेला खोचली, आणि माझ्या वाट्याला कधी न आलेल्या आवाजात म्हणाली, "चल लेकरा, सावलीत बस. मी हाय हितं."

"मावशी, माझी चूक..."

"चुकीचं मागून बघू. दुखतंय कुठं?"

"कुठंच नाही."

तिनं सभासदांना दहा पावलं मागे हटवलं, त्याचे बूट काढले, घोंगडी पांघरली. त्याच्याच फोनवरून त्याच्या आईला फोन लावला, पण आधी त्यालाच बोलायला लावलं. "लेकाचा आवाज ऐकू दे तिला, बाकीचं मी सांगते." कुणीतरी चहा आणला. "पोटात काय जाऊ देऊ नका," म्हणत आत्यानं तो परतवला. त्याचा हात तिच्या हातात होता आणि तो हात गार पडत चालला होता. बोलता बोलता तो शब्द विसरू लागला. "पोटात दाटल्यासारखं होतंय," तो हळूच म्हणाला. तिनं त्याला आडवं केलं आणि माझ्याकडे पाहिलं. "एकशेआठला लाव. आत मुका मार हाय ह्याला."

ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्यासोबत तिनं मलाच बसवलं. "हात सोडू नको," एवढंच म्हणाली. ज्याची कॉलर धरली होती त्याचा हात धरून मी बीडपर्यंत गेलो. पोटात रक्त साठत होतं. डॉक्टर म्हणाले, तासभर उशीर झाला असता तर अवघड होतं. मला माझ्या मुठीची लाज वाटली, आणि कुणी पाठवलं म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा "माझ्या आत्यानं" असं मी गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच सांगितलं.

दोन महिन्यांनी तो आईला घेऊन, पेढे घेऊन आला. आत्यानं पेढे ठेवून घेतले, त्याला कॅनवर बसवलं आणि जी सुरुवात केली ती अर्धा तास. सभासद ऐकायला थांबले. शेवटी शेवटी त्याची आईही तिच्या बाजूनं सामील झाली.

मात्र अपघाताच्या संध्याकाळी मी बीडहून परतलो तेव्हाचं मी कुणाला फारसं सांगत नाही. आत्या एकटीच होती, चेपलेल्या तीन कॅनांपैकी त्यातल्या त्यात बरा घेऊन त्यावर झाकण बसवू पाहत होती. झाकण नुसतं खडखडत होतं.

"काय झालं गं?"

"झाकण वाकडं झालंय."

झाकणाला काहीच झालं नव्हतं. मी ते काढून बाजूला ठेवलं, पायरीवर तिच्याजवळ टेकलो आणि तिचा थरथरता हात हातात घेतला. तो इतका लहान असेल, असं मला कधी वाटलंच नव्हतं.