बंद गाळ्यातला पेट्रोलचा वास

मित्रांनो, आज थोडक्यात बचावलो.

माझी जुनी पद्मिनी कार पुनावळ्यात, घरमालक आबांच्या घराखालच्या गाळ्यात असते. आज सकाळी शटर उघडलं आणि पेट्रोलचा भपकारा आला. गाडीचा पेट्रोलचा रबरी पाइप तडकून फरशीभर पेट्रोल पसरलं होतं.

तेवढ्यात मागून आबा आले, ओठांत पेटती विडी.

"आबा, तिथंच थांबा!" मी किंचाळलो.

"का वं, काय झालं?"

मी फरशीकडे बोट दाखवलं. आबा माघारी रस्त्यावर पळाले, विडी विझवली आणि वर बघत ओरडले, "सूनबाई, गॅस बंद कर! पोरांना घेऊन खाली ये!"

गाडी चालू न करता आम्ही ढकलत बाहेर काढली. सगळे सुखरूप आहेत.

आबा एवढंच म्हणाले, "गाडी परत आत न्हाई यायची." मी मान डोलावली.

तुमची जुनी गाडी जिथं उभी असते, त्या जागेच्या वर कोण झोपतं?