पिशवीला कान असतात

"आधी वार पडू द्या," असं म्हणून मावशी बाळंतिणीकडे पाठ करून उभ्या राहायच्या. हातात नुकतंच पुसलेलं बाळ, त्यावर फडकं, आणि मध्ये त्यांची रुंद पाठ. बाई विचारून विचारून थकायची, "काय झालं हो मावशी?"

"लेकरू झालं. म्हैस झाली न्हाई."

बाळामागची वार पडेपर्यंत याहून जास्त उत्तर मिळायचं नाही.

नांदेडहून तासाभरावरच्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा मावशींना तिथल्या प्रसूतिगृहात वीस वर्षं झाली होती. अशा मावशी तुम्हीही पाहिल्या असतील. कळा देणाऱ्या बाईच्या मांडीवर चापट मारायच्या, "रडायचं तर घरी रड, इथं जोर लाव" म्हणायच्या, आणि त्याच हाताने तिला चहात बुडवलेलं बिस्कीट भरवायच्या. मला त्यांचा भारी राग यायचा. आमच्याकडे येणाऱ्या बायकांना निम्मा त्रास कळांचा होता आणि निम्मा मावशींचा, असं माझं मत होतं.

वारेवरून तर आमची रोज जुंपायची. बाळ जन्मलं की लगेच आईला दाखवायचं, मुलगा की मुलगी हे तिच्याच तोंडून वदवून घ्यायचं आणि कागदावर अंगठा घ्यायचा, हा दवाखान्याचा नियम. मावशींना तो मान्य नव्हता. "पोरगी म्हणलं की बाई खचती अन् पिशवी ढिली पडती. मग रगत थांबत न्हाई. पिशवीला कान असतेत, सिस्टर."

"माझ्या पुस्तकात गर्भपिशवीला कान नाहीत, मावशी."

"तुमच्या पुस्तकाला सासू न्हाई."

एके दिवशी सकाळी कंधारकडच्या खेड्यातली एक बाई आली. घरी दोन मुली, आणि बाहेर बाकावर पेढ्यांचा पुडा घेऊन बसलेली सासू. तिसरीही मुलगीच झाली. वार पडली, पण रक्त थांबेना. डॉक्टर इंजेक्शनं देत होते, मी पोट चोळत होते आणि बाई पांढरी पडत चालली होती. "काय झालं?" एवढंच विचारून ती डोळे मिटायला लागली. मावशी तिच्या कानाशी वाकल्या.

"पोरगा हाय. डोळे उघड, बघायचा न्हाई का?"

तिने डोळे उघडले. थोड्या वेळाने रक्त थांबलं. ते इंजेक्शनांनी थांबलं असं मी आजही म्हणते, पण शपथेवर म्हणणार नाही.

"उद्या जरा सावरली की मीच सांगते तिला," मावशी म्हणाल्या. मी मान हलवली. त्या गडबडीत बाळ दाखवायचं राहूनच गेलं होतं. मी कागदावर 'मुलगी, आईला दाखवली' असं लिहिलं आणि ग्लानीत पडलेल्या बाईचा अंगठा उमटवून घेतला.

उद्याची वाट बघायची वेळच आली नाही. स्ट्रेचर बाहेर काढलं तशी बाई सासूला म्हणाली, "पोरगा झाला." पेढे वाटून झाले, आणि मग फडक्यातली मुलगी सासूच्या मांडीवर आली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्याच सकाळी मुलगा झाला होता. सासूने त्याच्यावर बोट ठेवलं. "ह्यो आमचा हाय. बदलला ह्यांनी."

मावशींनी सगळ्यांसमोर कबूल केलं, "मी खोटं बोलले. तिचा जीव चालला होता." पण बाळ फडक्याखाली झाकून पाठ फिरवणारी बाई म्हणून सगळा तालुका त्यांना ओळखत होता. त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार? पोलीस आले. बाई म्हणाली, "मला लेकरू दाखवलंच न्हाई." ती खरं बोलत होती. मी म्हणाले, दाखवलं. मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्या गप्प राहिल्या. माझी नोकरी वाचली. त्याची लाज मला अजून वाटते.

रक्ताचे नमुने तपासायला बाहेर पाठवले. उत्तर यायला कित्येक आठवडे लागले. तोवर मायलेकींना दवाखान्यातच ठेवलं होतं, पण बाईने मुलीला छातीशी घेतलं नाही. दूध दाटून छाती दगडासारखी व्हायची, तर ती मोरीत पिळून टाकायची, आणि दोन खाटांपलीकडे मुलगी भुकेने रडत असायची. मावशी तिला वाटी-चमच्याने पाजायच्या. "पी गं माझे आई. तुला लई भांडायचं हाय अजून."

तपासणीत मुलगी त्या बाईचीच निघाली. "दवाखाना बी तुमचा, रिपोर्ट बी तुमचाच," असं म्हणून सासूने तिला उचललं. मावशी कंत्राटी होत्या. त्यांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

पुढे माझी बदली त्या बाईच्या गावाजवळच्या उपकेंद्रावर झाली. मावशींचा फोन यायचा. "जवळ घेती का हो पोरीला?"

"घेते की," मी म्हणायचे. त्या मुलीला घरात सगळे 'दवाखान्याची' म्हणतात, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. यंदा मावशी गेल्या. शेवटच्या फोनवरही त्यांनी तेच विचारलं आणि मी तेच उत्तर दिलं.

गेल्या महिन्यात ती बाई मुलीला पाच वर्षांच्या लसीसाठी घेऊन आली. मुलीचं नाक, हनुवटी, सगळं आईचं. बाकीच्या बायका जाईपर्यंत बाई थांबली.

"ती मावशी मेली म्हणं."

"हो."

"जाताना काही बोलली का? माझा पोरगा कुणाला दिला ते?"

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "बाई, मी तुम्हाला बाळ दाखवलं नव्हतं. तो कागद खोटा होता. पण मुलगी तुमचीच आहे. मुलगा झालाच नव्हता."

ती शांतपणे म्हणाली, "कागद खोटा होता. मी तेच सांगत होते सगळ्यांना."

पुढचं तिला ऐकूच गेलं नसावं. तिने मुलीची बाही वर केली. "टोचा हिला."

सुई लागली तशी मुलीने तिचा पदर घट्ट धरला. तिने एकेक बोट उलगडून तो सोडवून घेतला.