धान चुरणारा गिअरबॉक्स

आमच्या बंद पडलेल्या जुन्या जीपला बसेल असा मूळ बनावटीचा गिअरबॉक्स मी नागपूर-रायपूरच्या भंगारबाजारांत शोधला आणि सापडला कुठे, तर तिरोड्याजवळच्या एका खळ्यावर. स्वारी मळणीच्या थ्रेशरला जुंपलेली आणि मजेत धान चुरत होती! मी त्याला मिठीच मारणार होतो. बाबांना त्यांच्याच जीपमधून एकदा नागझिऱ्याच्या जंगलात न्यायचं होतं, आणि बाबा थकत चालले होते.

"धान झालं का न्या जी," थ्रेशरवाला म्हणाला. धान झालं, तर उन्हाळी धान उभं राहिलं. मग पुन्हा पावसाळी. दोन वर्षं मी त्या खळ्यावर जावयासारखा चहा पीत राहिलो.

शेवटी तोच आमच्या दारी आला. त्या गिअरबॉक्सची क्लचप्लेट गेली होती. "वरिजनल भेटूनच नाही राहिली जी. तुमची जीप त उभीच हाये!"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "देऊन टाक. त्याचं धान भिजून जाईल. मी का आता नागझिऱ्याले जातो?"

मीच पाना घेऊन जीपखाली शिरलो. प्लेट निघताच बाबा त्याच्या मोटरसायकलवर मागे बसले आणि चुरणी पाहायला निघून गेले.