तेहतीसवर अडकलेलं गाणं

आई गेल्यापासून चार महिन्यांत आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या फ्लॅटमध्ये ते दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसत. जेवायला हाक मारली की "नगं." एका सकाळी मात्र म्हणाले, "तुज्या आईचं ते इंग्रजी गानं लाव की."

ते गाणं मला चालीसकट पाठ होतं. आबा फौजेत मेसचे हवालदार. निवृत्त होताना मेसनं मोडीत काढलेला रेकॉर्ड प्लेयर आणि एकुलती एक तबकडी घेऊन ते पलूसजवळच्या आमच्या गावी आले. एस.टी.च्या टपावर आदळून प्लेयरची वेगाची कळ तेहतीसवर, म्हणजे मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवर, जाम झाली. तबकडीचं मधलं भोक भलतंच मोठं, तर आबांनी जुन्या स्लीपरचं रबर गोल कापून त्यात बसवलं. त्यावर जाड आवाजाचा एक बुवा इतकं संथ, इतकं दुःखी गायचा, की आई भाकरी थापता थापता म्हणायची, "आवं, ह्येची बायकू मेली का काय?" आम्ही भावंडं त्या गाण्यावर झोपायचो.

आता हा बुवा शोधायचा कुठं? मोबाइलसमोर गुणगुणले, तर त्यानं मला एक अंगाई आणि दोन भजनं सुचवली. मेल्याला काही कळतं का! पंधरा दिवस मी जगातली सगळी रडकी इंग्रजी गाणी ऐकली. शेवटी वैतागून गावी गेले. प्लेयर कधीच भंगारात गेला होता, पण ट्रंकेतून तबकडी काढली, स्लीपरच्या रबरासकट, आणि सांगलीत जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे नेली.

त्यानं तबकडी निरखली, आपल्या प्लेयरची कळ फिरवली आणि सुई टेकवली. अगं बाई! गिटार काय, पियानो काय, नुसता धिंगाणा. बुवा नव्हताच तो, विशीतला पोरगा होता, आणि अंगात आल्यागत ओरडत होता.

"पन्नास-पंचावन सालातलं रॉक अँड रोल हाय, ताई," म्हातारा टेबलावर ठेका धरत म्हणाला. "तबकडी पंचेचाळीसची. तेहतीसवर लावली तर रडनारच की."

मी दुकानात उभ्या उभ्या हसत सुटले. साठीला टेकलेला माझा गुडघासुद्धा हलायला लागला. लहानपणी आम्ही धिंगाण्यावर झोपत होतो तर!

म्हाताऱ्याकडून प्लेयर दोन दिवसांसाठी मागून आणला आणि मोठ्या तोऱ्यात आबांसमोर लावला.

"बंद कर."

"आवं आबा, हेच आहे ते. आपण चुकीच्या वेगानं—"

"ह्ये न्हवं. बंद कर म्हनलं न्हवं का?"

असा राग आला मला! पंधरा दिवस वणवण करायची आणि वर हे ऐकायचं. स्वयंपाकघरात जाऊन चार भांडी आपटली. मग परत आले आणि कळ तेहतीसवर आणली.

बुवा आला. तोच जाड आवाज, तेच दुःख. आबांची मान हळूहळू डोलायला लागली.

"आबा, हे नाचायचं गाणं आहे, ठाऊक होतं तुम्हाला?"

"म्हंजे काय! मेसमदी सायब लोक ह्येच्यावर लय नाचायचे. मीच लावायचो."

"मग कळ दुरुस्त का नाही केलीत?"

"निगालो हुतो की. प्लेयर काखेत मारला, सांगलीला येनार, तर तुजी आई म्हनली, ऱ्हाऊ द्या. सावकाश म्हनतोय म्हनून समजतंय तरी."

इंग्रजीचं एक अक्षर न येणारी माझी आई! मला हसू फुटलं, पण आबा हसले नाहीत.

"काय समजत हुतं, ते इचारायचं तेवढं ऱ्हायलं," ते म्हणाले. "आजून एकदा लाव."

मी परत लावलं आणि ताट वाढून आणलं. या खेपेला ते "नगं" म्हणाले नाहीत.