पोस्टकार्डावर न मावलेली माणसं

आमच्या कॉम्प्युटरमध्ये 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल' अशा नावांच्या फाइली साचत जातात, तसे माझ्या डोक्यात किस्से साचलेत. डिलीट करायला बसावं तर एकही होत नाही! महाल भागातल्या एका छोट्या प्रेसमध्ये मी बारा वर्षांपासून लोकांचे फोटो पोस्टकार्डावर छापण्यासाठी तयार करते. आता पोस्टकार्डं कोण छापतं, असं तुम्ही विचाराल. सगळेच छापतात हो! लग्नाचे आभार, तेरवीची आठवण, दुकानाची जाहिरात. माणसाला कार्डाएवढं करायचं, कडा कापायच्या, द्यायचं. पहिल्या वर्षी मला हे काम फार गमतीचं वाटायचं.

*

एका गृहस्थांनी वडिलांचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. इतका बारीक, की मोठा केला की नुसते चौकोन! मी कळवलं, "ओरिजिनल पाठवा." त्यांनी त्याच फोटोचा स्क्रीनशॉट पाठवला. मी परत कळवलं, "सर, ओरिजिनलच पाहिजे."

तासाभरात दारात ऑटो थांबला. आधी गृहस्थ उतरले, मागून काठी टेकत ऐंशीच्या घरातले आजोबा.

"घ्या मॅडम, ओरिजिनल!"

मी कपाळाला हात लावला. आजोबांनी मात्र स्क्रीनवरचे चौकोन नीट निरखून पाहिले आणि म्हणाले, "काई खराब नाई हा फोटो. मले आजकाल सगळे असेच दिसते."

*

भिवापूरचे एक मिरचीचे व्यापारी. फोटोत ते स्वतः मिरचीच्या ढिगासमोर उभे. स्क्रीनवर मिरची पेटलेली, कागदावर आली की विझलेली. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते आणि कागद शाईने, हे मी त्यांना तीनदा समजावलं.

"ते तुमचं तुमी पाहा. माही मिरची काहून मेली, ते सांगा!"

लाल वाढवला. "आणखी." आणखी वाढवला. चौथं प्रूफ घेऊन ते दारातल्या उजेडात गेले.

"मिरची बरोबर हाय," ते म्हणाले, "पण मी जळून राहिलो."

"काका, तुम्हाला वेगळं करून देते ना. तुमच्यावरचा लाल कमी होईल."

"राहू द्या. औंदा तसंच हाय."

*

कन्हानहून पाच भावंडांचा फोटो आला. आई गेली होती, तिच्या तेरवीला वाटायचं कार्ड. आई मधोमध, दोन्हीकडे मुलं, अगदी काठाला चिकटून. कार्ड कापताना काठ थोडा आत जातोच, म्हणजे टोकाच्या माणसाचा खांदा जाणार. बाजूला भिंत वाढवू का, एवढं विचारायला मी फोन केला.

"भिंत कायले? डावीकडच्याले कापा."

"अहो, त्यांचा खांदा जाईल."

"खांदा नाई, पुरा कापा! आई दवाखान्यात होती तर एक दिवस आला नाई तो."

दहा मिनिटांत दुसऱ्या नंबरवरून फोन. "उजवीकडच्याले कापा!" संध्याकाळपर्यंत चार फोन झाले, आणि चौघांनी मिळून पाचही जण कापायला सांगितले.

शेवटी आमचे मालक सुधाकरभाऊ वैतागले. "तू एक काम कर वं, माय एकटीच ठेव."

छापली एकटी आई. एकाचीही तक्रार आली नाही!

*

हिंगण्याच्या एका कारखान्याचं दिवाळीचं कार्ड. गेटसमोर सगळे कामगार, वर ओळ, 'आमचा परिवार'. प्रूफ पाठवलं तर निरोप आला, मागच्या रांगेतले काढा, त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. काढले, त्या जागी गेटचे गज भरले. आठवड्याने डावी बाजू गेली, मग मधली. माणूस काढणं सोपं असतं. पण त्याचा हात शेजारच्याच्या खांद्यावर असला, तर तो हात काढायला फार वेळ लागतो.

शेवटी तिघं उरले. फोनवर नेहमीच्या साहेबांच्या जागी नवाच आवाज. "मॅडम, त्या तिघांनाही काढून टाका. आणि गेट जरा मधोमध घ्या, बॅलन्स दिसला पाहिजे!"

"आणि वरची ओळ, सर?"

"ती राहू द्या. छान आहे ती."

*

आणि विमलमावशी. शाळेत खिचडी शिजवायच्या. त्यांचा मुलगा सहा वर्षांपूर्वी घरातून गेला, तो परत आला नाही. त्यांना कार्ड हवं होतं. पुढे मुलाचा चेहरा, मागे स्वतःच्या घराचा पत्ता. वर तिकिटं त्या स्वतः लावणार आणि स्टेशनांवर, धाब्यांवर, ट्रकवाल्यांकडे ठेवणार.

"मावशी, मजकूर काय टाकू?"

"काई नोको टाकू. तो लिहिन."

फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा. "याच्यात सहा वर्षं टाक," त्या म्हणाल्या. मी दाढी दिली, केस थोडे विरळ केले, गाल जरा आत घेतले.

"गाल आत नोको घेऊ, पोरी. जेवत असंन तो."

गाल परत भरले. कार्डं छापली.

कित्येक महिन्यांनी त्या आल्या. पोस्टाने एक कार्ड परत आलं होतं. मागे छापलेल्या पत्त्याशेजारी एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. फक्त तिकिटावर पोस्टाचा शिक्का, तोही फिसकटलेला.

"तू फोटो साफ करतेस, तसा हा शिक्का साफ करून दे. गावाचं नाव निघन."

मी स्कॅन केला. काळं गडद केलं, पांढरं उजळवलं. एक अक्षर दिसतंयसं वाटलं, आणखी मोठं केलं तर तेही फुटलं. सुधाकरभाऊ मशीन बंद करून मागे येऊन उभे राहिले. तीनदा केलं. शेवटी म्हटलं, "नाही निघत, मावशी."

त्यांनी कार्ड हातात घेतलं, उलटं केलं, पत्त्याशेजारच्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं.

"कोरंच पाठवलं ना? मंग तोच हाय. त्याले लहानपणापासून लिहाचा भारी कंटाळा."