तांब्याची जाड पट्टी आणि अनघाचं रीडिंग

परवा कॉलेजच्या गच्चीवर माझं बोट भाजलं... आणि डोकं जरा ताळ्यावर आलं.

कॉलेज म्हणजे गंगापूर रोडचं, जे मी एस.वाय.ला भांडून सोडलं तेच. आता पंचवटीत मामाच्या दुकानात मोटारी रिवाइंड करतो, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो. अनघा मात्र तिथेच एम.एस्सी. करतेय. ती मला आवडते हे सगळ्या ग्रुपला माहीत आहे, तिलाही... ती काही बोलत नाही, एवढंच.

तिचा प्रोजेक्ट भारी आहे. काचेच्या भांड्यातली हवा काढायची, आत समोरासमोर दोन चकत्या. केबलवाल्याच्या जुन्या डिशला आरसे चिकटवून एका चकतीवर ऊन एकवटायचं. ती लालबुंद झाली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटून समोरच्या गार चकतीवर जातात... झाली वीज! ती मीटरवर किती येते, ते रीडिंग बंगलोरच्या संस्थेला पाठवायचा परवाच शेवटचा दिवस होता. आलं तरच तिला तिथे रिसर्चसाठी बोलावणार होते.

गरम चकतीचं कनेक्शन मी केलं होतं. तांब्याची चांगली जाड पट्टी, चकतीपासून भांड्याबाहेर मीटरपर्यंत. आमच्या धंद्यात तार बारीक घातली की मोटार जळून परत येते, वर गिऱ्हाइकाच्या शिव्या... जाड तांबं म्हणजे खात्रीचं काम.

पण चकती काही लाल होईना. तिचे गाईड, म्हणजे मलाही एस.वाय.ला शिकवलेले सर, म्हणाले, "आरसे कमी पडतायत बहुतेक." माझं टाळकंच सटकलं, आरसेही मीच लावलेले! मी सरांच्या अंगावर जाणार तेवढ्यात अनघा म्हणाली, "निल्या, भांडू नकोस. पट्टीच्या बाहेरच्या टोकाला हात लाव आधी."

लावला. असा चटका बसला की बास!

"बघ. सगळी उष्णता तुझ्या पट्टीतून बाहेर पळतेय. चकती तापणार कशी, कप्पाळ?"

सर हसले नाहीत. म्हणाले, "अगदी बारीक तार लावली तर उष्णता आत राहील, पण वीज अडेल. मधलं काहीतरी बघायला हवं. इथे भलेभले अडकतात रे." आणि स्वतःच खाली जाऊन कपाटातून निकेलची तार शोधून आणली.

भांडं उघडलं, तार बदलली, पंप पुन्हा सुरू केला. हवा निघायला वेळ लागतो... ऊन कलायला लागलं. मनात आलं, नाही आलं रीडिंग तर ही नाशकातच राहील. खोटं कशाला सांगू, आलं मनात. मग तिच्याकडे बघितलं. पंपाच्या आवाजाकडे कान लावून, ओठ चावत बसली होती बिचारी... मी उठलो आणि डिश हाताने फिरवत उन्हाच्या मागे लागलो.

चकती लाल झाली. मीटरची सुई थरथरली... आणि चढली!

"आलं! निल्या, आलं रे!" अनघा ओरडली.

"डिश तशीच धर, हलू नकोस गाढवा," सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं ऐकलं.

सर, थँक यू... तोंडावर म्हणता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

बंगलोरहून बोलावणं आलं की नाशिकरोडला रिझर्वेशनच्या लाइनीत मीच उभा राहणार आहे. लाइन फार मोठी असते तिथे... तिला कशाला ताटकळत ठेवायचं.